बॉल्डीच्या माथ्यावरून ३६० अंश

बॉल्डीच्या माथ्यावर कॅमेरा किती वेळ बाहेर ठेवायचा हे ढग ठरवतात. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या उत्तरेला, सांग्रे दे क्रिस्तो पर्वतरांगेत, फिलमॉन्ट स्काउट रँचचं हे सर्वांत उंच शिखर. उंची १२,४४१ फूट, म्हणजे ३,७९२ मीटर. उन्हाळ्यात तिथली सकाळ लख्ख निळी असते. मग उन्हं तापली की पश्चिमेकडच्या डोंगरांवर पांढरे ढग उभे राहू लागतात, आणि दुपारी विजा. माथ्यावर झाड नाही, आडोसा नाही, नुसता दगड. त्यामुळे दुपारच्या आत माथा सोडून खाली झाडीत यायचं, यात तडजोड नाही.

मला तिथून पूर्ण वर्तुळाचा पॅनोरमा हवा होता. आणि तो असा हवा होता की घरी आल्यावर त्यातल्या कुठल्याही शिखरावर बोट ठेवून नाव सांगता यावं. डोंगरावरून काढलेले कितीतरी रुंद फोटो मी पाहिलेत, त्यातले बरेचसे सुंदरही आहेत, पण ‘हे कोणतं शिखर?’ असं विचारलं की काढणाराच गप्प होतो. मला त्याची खंत वाटते. इतकं चढून गेल्यावर समोर काय आहे ते ओळखता यायला हवं.

मी माझ्या मुलीच्या स्काउट ट्रूपबरोबर अ‍ॅडव्हायजर म्हणून गेले होते. अमेरिकेतल्या बॉय स्काउट्समध्ये मुलींचे ट्रूप, म्हणजे पथकं, २०१९ पासून सुरू झाले आणि त्यानंतर फिलमॉन्टच्या वाटांवर मुलींचे क्रू, म्हणजे एकत्र चालणारे गट, नेमाने दिसू लागले. जागा प्रचंड आहे. ओक्लाहोमातल्या टल्सा शहराचे तेलउद्योजक वेट फिलिप्स यांनी १९३८ मध्ये आपल्या जमिनीतला ३५,८५७ एकरांचा तुकडा स्काउटना दिला, १९४१ मध्ये आणखी बराच मोठा भाग दिला. बॉल्डीचा परिसर त्यात नव्हता, तो १९६३ मध्ये जोडला गेला. आज सगळं मिळून १,४०,००० एकरांच्या वर भरतं. पाठीवर तंबू, शिधा आणि पाणी घेऊन या रानात एका तळावरून दुसऱ्या तळावर चालत राहायचं, हा ट्रेक.

इथली एक पद्धत मला मनापासून पटते. क्रूचे निर्णय क्रू लीडर घेते, आणि ती मुलांमधलीच एक असते. किती वाजता उठायचं, कुठे थांबायचं, कुणाच्या पिशवीतलं ओझं दुसऱ्याकडे द्यायचं, हे सगळं ती बघते. सुरुवातीला एक रेंजर बरोबर असतो, तो पद्धती शिकवतो आणि निघून जातो. आम्ही मोठी माणसं मागे चालतो आणि सुरक्षिततेचा प्रश्न नसेल तर तोंड उघडत नाही. म्हणजे माझ्या पॅनोरमाला लागणारा वेळ माझा नव्हता, क्रूचा होता. तो मला मागावा लागणार होता, आणि मागण्याआधी किती लागेल हे नेमकं सांगता यायला हवं होतं. खरी तयारी तिथूनच सुरू झाली.

ओझ्याचा विचार आधी. पिशवी अंगाच्या वजनाच्या पाव भागाच्या आसपास ठेवायची, अगदी ताणलं तर तीस टक्के. त्यात तंबूचा वाटा, स्वयंपाकाचं भांडं, पाणी. ट्रायपॉड बसणार नव्हता, आणि त्याच्यावर बसणारं पॅनोरमाचं हेड तर त्याहून नाही. मी एक फुल-फ्रेम कॅमेरा घेतला, त्यावर ३५ मिमीची एकच लेन्स आणि दोन जास्तीच्या बॅटऱ्या. झूम लेन्स मुद्दाम टाळली. पॅनोरमा जोडताना सगळ्या फ्रेमची फोकल लेंग्थ (लेन्समध्ये किती रुंद दृश्य मावतं ते ठरवणारं माप) सारखी असायला हवी, आणि चढून थकलेल्या हाताने झूमची रिंग कधी सरकेल याचा भरवसा नसतो.

ट्रायपॉडची जागा ओळंब्याने घेतली. गवंड्याकडे असतो तोच ओळंबा, फक्त माझा तंबूच्या दोरीचा आणि जाड नटाचा. हे का लागतं ते सांगते. पॅनोरमासाठी कॅमेरा फिरवताना तो लेन्समधल्या एका विशिष्ट बिंदूभोवती फिरायला हवा. बाहेरून लेन्समध्ये डोकावलं की जिथे छिद्राची प्रतिमा दिसते, तो हा बिंदू. आपण उभ्याउभ्या स्वतःभोवती वळतो तेव्हा कॅमेरा आपल्या अंगाभोवती फूटभर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो आणि हा बिंदू प्रत्येक फ्रेमला जागा बदलतो. दूरच्या डोंगरांना त्याने काही होत नाही. पण माथ्यावर तीन-चार मीटरवर दगड असतात. ते मागच्या दरीच्या तुलनेत सरकतात आणि दोन फ्रेम जोडताना दगड तुटका तरी येतो किंवा दोनदा तरी. याला पॅरलॅक्स म्हणतात. माथ्यावरचे पॅनोरमा बिघडतात ते बहुधा याच्याचमुळे, आणि जवळचा दगड नीट जुळला नाही तर माणूस तिथे उभा होता हे फोटोत उरत नाही.

बिंदू घरीच शोधून ठेवला. दोन ट्रेकिंग पोल उभे केले, एक जवळ आणि एक लांब, दोन्ही एका रेषेत. कॅमेरा डावी-उजवीकडे वळवला की लांबचा पोल जवळच्या पोलमागून डोकावतो. कॅमेरा थोडा पुढे-मागे करत जायचं. एका जागी आलं की वळवूनही दोन्ही पोल एकमेकांवर बसलेलेच राहतात. लेन्सच्या त्या ठिकाणी पट्टी गुंडाळून दोरी बांधली, खाली नट. नट जमिनीवरच्या एका खड्याच्या बरोबर वर लटकत ठेवायचा आणि त्याच्याभोवती आपण पावलं टाकत फिरायचं. कॅमेरा मध्यभागी, आपण वर्तुळावर. सवय व्हायला वेळ लागतो, कारण अंग नेहमी उलटं करू पाहतं. वाटेतल्या तळांवर संध्याकाळी भांडी घासून झाली, वासाच्या सगळ्या वस्तू अस्वलांपासून वाचवायच्या पिशवीत चढवल्या, की मी कुरणात जाऊन एक फेरी मारायची. मुलींना ते दिसायचंच. एकीने विचारलं, मग तिघी आल्या.

मोजणीचं काम त्यांनीच अंगावर घेतलं. ३५ मिमी लेन्स लावलेला फुल-फ्रेम कॅमेरा उभा धरला की एका फ्रेममध्ये आडवे सुमारे ३८ अंश मावतात. शेजारच्या दोन फ्रेममध्ये निदान तिसरा हिस्सा सामाईक असावा, तेव्हा सॉफ्टवेअरला जुळणाऱ्या खुणा भरपूर मिळतात. मग दर २४ अंशांना एक फ्रेम घेतली तर ३६० भागिले २४, पंधरा फ्रेममध्ये वर्तुळ पूर्ण. आडवा कॅमेरा धरून कमी फ्रेममध्येही भागतं, पण मग वरचं आकाश आणि पायाखालची जमीन कापली जाते आणि हातात नुसती अरुंद फीत येते. उभ्या फ्रेममध्ये वर-खाली मिळून ५४ अंश येतात, म्हणजे समोरच्या पातळीपासून २७ वर आणि २७ खाली.

हा २७ चा आकडा पुढे फार कामाला आला. क्रू लीडरला माथ्यावर सूर्योदयाला पोचायचं होतं, आणि तिचं काही चुकत नव्हतं. सूर्योदय बघायला लोक अंधारात चढतात. पण पूर्ण वर्तुळाच्या फोटोत सूर्य कुठेतरी येणारच. तो २७ अंशांच्या खाली असेल तर थेट फ्रेममध्ये बसतो, ती फ्रेम जळते, शेजारच्या दोघींत चकाकी पसरते, आणि समोरच्या बाजूला आपलीच लांब सावली. एका दिशेच्या फोटोला पहाटेचा उजेड उत्तम, वर्तुळाला नाही. तिथल्या अक्षांशावर जूनअखेरीस सूर्य सकाळी सव्वाआठच्या सुमारास २७ अंशांवर जातो. तेव्हा तो चौकटीच्या बाहेर असतो, डोंगरांच्या घड्यांत सावली अजून शिल्लक असते आणि ढगांना सुरुवात झालेली नसते. मी क्रू लीडरला हे कागदावर काढून दाखवलं आणि सव्वाआठनंतरची पंधरा मिनिटं मागितली. तिने विचारलं, “पंधरात नक्की होईल?” मी म्हटलं, एक फेरी मिनिटभराची, दोन-तीन फेऱ्या, बाकी मांडणी. तिने क्रूला विचारलं आणि ठरलं की माथ्यावर पावणेआठपर्यंत पोचायचं, नाश्ता वरच करायचा, नऊच्या ठोक्याला उतरायला लागायचं.

कॉपर पार्कच्या तळावरून अंधारातच निघालो. आधी झाडीतली वाट, मग खिंड, आणि खिंडीपासून वर नुसता घसारा. सह्याद्रीतला घसारा मातीचा आणि बारीक खड्यांचा असतो, पाय घसरतो पण कुठेतरी रुततो. इथे ताटाएवढे सुटे दगड एकमेकांवर रचलेले, पाय टाकला की खणखणतात. चढ सरळ अंगावर येतो आणि हवा विरळ. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी असतो. दहा पावलं, थांबा, पुन्हा दहा पावलं. चालीचा वेग सर्वांत हळू चालणारीने ठरवायचा हा क्रूचा नियम होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत पाळला. मला फोटोची घाई होती, पण पुढे जाऊन बसणं मला जमलं नसतं आणि योग्यही नव्हतं.

वर पोचल्यावर काय दिसतं? पश्चिमेला पायथ्याशी मोरेनो व्हॅलीचं लांबरुंद कुरण, त्यात एलिझाबेथटाउनच्या खुणा. १८६६ मध्ये याच डोंगराच्या अंगाला सोनं सापडलं आणि ते गाव उभं राहिलं. सोनं संपलं, गावही संपलं. दक्षिणेला टच-मी-नॉट शिखर, त्याच्या किंचित उजवीकडे ईगल नेस्ट तलाव. पश्चिम-नैर्ऋत्येला व्हीलर पीक, १३,१६१ फूट, या राज्यातलं सर्वोच्च. आग्नेयेला खूप खाली टूथ ऑफ टाइमचा सुळका. तो ९,००३ फुटांचा आहे आणि बेस कॅम्पवरून आभाळात घुसल्यासारखा दिसतो. इथून तो शोधावा लागतो. पूर्वेला डोंगर संपतात आणि सपाट मैदान सुरू होतं, ते थेट क्षितिजापर्यंत. मैदानापासून आपण पावणेदोन किलोमीटर उंच असतो, त्या हिशेबाने क्षितिज सुमारे दीडशे किलोमीटरवर. हवा तशी स्वच्छ असायला हवी, आणि उन्हाळ्यात दूर कुठे वणवा पेटला असेल तर ती नसते. आमच्या नशिबाने त्या सकाळी धूर नव्हता.

सूर्य वर येईपर्यंतचा अर्धा तास मुलींनी सार्थकी लावला. कॅमेऱ्याच्या जागी एक खडा ठेवला. त्याच्याभोवती होकायंत्राने २४-२४ अंश मोजत पंधरा खडे मांडले. माथ्यावरच्या खुणेच्या राशीतला एकही दगड उचलला नाही, सुटे खडे घेतले आणि नंतर पुन्हा विखरून टाकले. फेरी उत्तरेपासून सुरू न करता ईशान्येकडून सुरू करायची असं ठरलं, कारण पट्टीची दोन टोकं जिथे येतात तिथे महत्त्वाचं शिखर कापलं जाऊ नये.

मग दिशा घ्यायला बसल्या. उत्तरेला क्षितिजावर दोन सुटी शिखरं जवळजवळ दिसत होती. होकायंत्रावर डावीकडच्या शिखराची दिशा आली ५ अंश. बरोबर आणलेल्या लहान प्रमाणाच्या नकाशावर एकीने ५ अंशांची रेघ ओढली, ती कोलोरॅडोतल्या कुलेब्रा पीकच्या अगदी जवळून गेली. तिने लिहिलं, कुलेब्रा. दुसरी म्हणाली, कुलेब्रा चौदा हजारांच्या वरचं आहे आणि ५५ किलोमीटरवर, ते इतकं लांब आणि जोडीने कसं दिसेल? वाद रंगला. मग तिसरीच्या लक्षात आलं की होकायंत्राची सुई चुंबकीय उत्तर दाखवते, आणि तिथे ती खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला सुमारे ८ अंश आहे; फरक नकाशाच्या कडेला छापलेला असतो. पाचात आठ मिळवले, तेरा. तेराची रेघ गेली थेट ८५ किलोमीटरवरच्या स्पॅनिश पीक्सवर. ती जोडीच आहे, पश्चिमेकडचं १३,६२६ फूट आणि पूर्वेकडचं १२,६८३. कुलेब्रा मग होकायंत्रावर ३५५ च्या आसपास सापडलं, जवळचं आणि रुंद खांद्यांचं. आठ अंश वर्गात फळ्यावर शिकवले तर कुणाच्या लक्षात राहत नाहीत. इथे त्या आठ अंशांत एक डोंगर दुसरा झाला होता आणि तो परत मिळवल्याचा आनंद त्या मुलींच्या तोंडावर मी पाहिला.

सव्वाआठ झाले. सेटिंग सगळं हाताने, एकदाच. ऑटोवर ठेवलं तर कॅमेरा सूर्याच्या बाजूला फोटो काळवंडतो, उलट बाजूला उजळवतो, आणि जोडल्यावर आकाशात पट्टे पडतात. मी सर्वांत उजळ भागाकडे बघून एक्सपोजर ठरवलं: एफ ८, १/४०० सेकंद, आयएसओ १००. व्हाइट बॅलन्स उन्हाचा, पक्का. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. फोकस पाचेक मीटरवरच्या दगडावर धरून मॅन्युअल केला. एफ ८ ला ही लेन्स त्या अंतरावर लावली की सुमारे अडीच मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं, आणि उभ्या फ्रेमच्या तळाशी येणारी जमीन साडेतीन मीटरवर असते, म्हणजे काही सुटत नाही. पोलरायझर फिल्टर पिशवीतच राहिला. एका फोटोत तो आकाश सुरेख गडद करतो, पण त्याचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सर्वांत जास्त असतो. सूर्य पूर्वेला, म्हणून उत्तर आणि दक्षिण गडद झाली असती आणि मधलं आकाश फिकट.

क्रूला फोटोत यायचं होतं, आणि त्यांच्याशिवाय तो फोटो मलाही नको होता. आठ-नऊ मीटरवर उताराच्या दगडांवर त्या दोन रांगांत बसल्या, अशा की सगळ्या एकाच फ्रेममध्ये माव्यात. त्या फ्रेमचे जादा फोटो घेतले. शेजारच्या फ्रेममध्येही अर्ध्याजणी येतातच, पण जोडताना सॉफ्टवेअरला सांगता येतं की माणसं या फ्रेममधलीच घे, त्या झाकून टाक. हे आधी ठरवलेलं नसेल तर एकाच मुलीचे तीन हात निघतात.

पहिली फेरी वाऱ्याने वाया गेली, नट झोके घेत होता. माझ्या मुलीने नटाला आणखी दोन जाड वॉशर ओवले आणि वाऱ्याच्या बाजूला पाठ करून उभी राहिली. दुसरी फेरी जमली. पूर्वेकडच्या तीन फ्रेमना सूर्य चौकटीच्या अगदी वरच होता, तिथे एकीने माझ्या डोक्यावरून टोपी धरून लेन्सवर सावली केली. खडा, पाऊल, नट स्थिर, श्वास सोडून बटण. पुढचा खडा. तिसरी फेरीही घेतली, कारण तेवढ्यात दुसरा एक क्रू माथ्यावर येत होता आणि दुसऱ्या फेरीत त्यांच्यातला कुणी चालताना आला असेल अशी शंका होती. मागितलेल्या पंधरा मिनिटांत काम झालं. नऊला आम्ही उतरायला लागलो. खाली झाडीत शिरलो तेव्हा व्हीलरच्या डोक्यावर पहिला ढग दिसत होता.

फोनचा पॅनोरमाही दोघींनी काढला आणि तो वाईट नव्हता. घरच्यांना लगेच पाठवायला तोच बरा. पण फोन हलत्या पट्ट्या जोडत जातो, पूर्ण वर्तुळ बहुतेकदा घेत नाही, आणि त्यात मोजमाप करता येत नाही. आम्हाला मोजमापच करायचं होतं.

घरी आल्यावर हगिन या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम जोडल्या. प्रोग्रॅम शेजारच्या फ्रेममधले सारखे बिंदू आपोआप शोधतो. ढगांवरचे आणि माणसांवरचे बिंदू आम्ही हाताने काढून टाकले, कारण ते हलतात. ओळंब्यामुळे दगड जुळले. प्रोजेक्शन, म्हणजे गोल दृश्य सपाट पट्टीवर उलगडायची पद्धत, सिलिंड्रिकल (नळकांड्यासारखं) ठेवलं. मग पातळीचा प्रश्न आला, आणि या सगळ्या कामातला हा भाग मला सर्वांत आवडला. पट्टीवर पूर्वेचं मैदानी क्षितिज डोळ्याच्या पातळीच्या खाली दिसत होतं आणि व्हीलर वर. फोटो वाकडा आहे असं वाटून तो फिरवून ‘सरळ’ करण्याचा मोह होतो. मुलींनी गणित मांडलं. व्हीलर आपल्यापेक्षा ७२० फूट, म्हणजे २२० मीटर उंच आणि २० किलोमीटरवर. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्यातले ३० मीटर वजा. उरतो तो पातळीच्या वर अर्ध्या अंशाहून जरासा जास्त. पूर्वेचं क्षितिज, मैदानापासूनच्या उंचीमुळे, पातळीच्या खाली सव्वा अंशाच्या आसपास. या दोन्ही आकड्यांना पट्टी जुळेपर्यंत ती झुकवली. जुळली तेव्हा बाकीची शिखरंही आपापल्या उंचीवर येऊन बसली. पुढे छापील पट्टीवर पूर्वेचं क्षितिज पातळीच्या रेघेखाली सेंटिमीटरभर आलं. पृथ्वी गोल असल्याचं आणि आपण किती उंच उभे होतो त्याचं माप त्या सेंटिमीटरभरात आहे.

पट्टीच्या आग्नेयेला एक मोठा फिकट डाग दिसतो. २०१८ च्या यूट पार्क वणव्यात ३६,००० एकरांहून जास्त रान जळलं, त्यातला बराच भाग फिलमॉन्टचा, आणि त्या उन्हाळ्यातले ट्रेक रद्द झाले होते. जळलेल्या उतारांवर झाडांचे नुसते खांब उभे आहेत आणि खाली नवी हिरवळ. ते बघताना मला १९३० च्या दशकातलं एक काम आठवलं. अमेरिकेच्या वनखात्यातल्या विल्यम ऑसबॉर्न यांनी वणव्याच्या टेहळणीसाठी फिरता कॅमेरा तयार केला होता. टेहळणीच्या जागांवरून १२० अंशांचे तीन फोटो घेऊन वर्तुळ पुरं करायचं आणि त्यावर दिशांचे अंश छापायचे, म्हणजे धूर दिसला की जागा सांगता येते. आता तेच फोटो जंगल किती बदललं हे बघायला वापरतात. दिशेचे अंश होते म्हणून ते कामाला येतात. आमच्या पट्टीच्या खालच्या कडेला मुलींनी दर १० अंशांना रेघ आखली, प्रत्येक शिखराचं नाव, उंची आणि अंतर लिहिलं, तारीख आणि वेळ टाकली. जळलेल्या भागाच्या कडा बारीक रेषेने दाखवल्या, पुढे कुणी तिथूनच फोटो घेतला तर रान किती भरून आलं ते कळावं.

जोडलेली फाइल ३६,००० पिक्सेलांहून रुंद झाली. इंचाला ३०० पिक्सेल धरून छापली तर लांबी दहा फूट, उंची दीड फुटाच्या आसपास. ट्रूपच्या बैठकीच्या खोलीत ती लावली तेव्हा लहान मुली थेट स्पॅनिश पीक्सपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि क्रूतल्या मुलीने त्यांना आठ अंशांची गोष्ट सांगितली.

आता ओळखीचा आणखी एक क्रू बॉल्डीला जायच्या तयारीत आहे. त्यांना मी दोरी, नट आणि वॉशर दिलेत. त्यांच्याकडे लेन्स २४ मिमीची आहे. ती उभ्या फ्रेममध्ये ५३ अंश घेते, म्हणून दर ३६ अंशांना एक, असे दहाच खडे पुरतील. वर-खालीही ती जास्त घेते, पातळीच्या वर जवळजवळ ३७ अंश, त्यामुळे सूर्य चौकटीबाहेर जायला त्यांना नऊपर्यंत थांबावं लागेल. तेवढा वेळ त्यांच्या क्रू लीडरकडे आधीच मागून ठेवा, असं मी कळवलंय.